सीमा, नाका आणि चाचणी : रॅपिड अँटिजेन चाचणीच्या अचूकतेचा ऐतिहासिक विचार
(विशेष संदर्भ : कनेरगाव नाका, जि. हिंगोली)

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मृत्यूंच्या आकड्यांचा, शासकीय उपाययोजनांचा आणि त्यांविरुद्ध झालेल्या लोकक्षोभाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. रोगी कोण आणि निरोगी कोण हे ज्या साधनाने ठरविले जाते, त्या साधनाचा इतिहास मात्र वैद्यकशास्त्राचा विषय मानून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः एखाद्या गावात साथ आली होती असे आपण म्हणतो, तेव्हा त्या विधानामागे कोणते ना कोणते निदानाचे साधन उभे असते. ते साधन जेवढे भरवशाचे, तेवढेच ते विधान भरवशाचे. सन २०२० ते २०२२ या काळातील कोविड-१९ च्या साथीत रॅपिड अँटिजेन चाचणी हे साधन प्रथमच लक्षावधी लोकांच्या नाकापर्यंत पोहोचले आणि त्या चाचणीच्या अचूकतेविषयी जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या वैद्यकीय साधनाविषयी झाली असेल. प्रस्तुत निबंधात या चाचणीच्या अचूकतेचा विचार इतिहासाच्या अंगाने केला असून, त्यासाठी मराठवाडा आणि विदर्भ यांच्या हद्दीवरील कनेरगाव नाका हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. सीमेवरच्या नाक्यावर माणसाला थांबवून त्याची तपासणी करणे ही कृती या प्रदेशाला नवीन नाही, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण निबंधाच्या ओघात स्पष्ट होईल.

हद्दीवरचे गाव

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना हिंगोली जिल्ह्याच्या शेवटाला कनेरगाव नाका लागते. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची हद्द आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वाशिम जिल्हा त्याच्या आदल्याच वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून. परंतु ही रेषा जिल्हानिर्मितीपेक्षा कितीतरी जुनी आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला. तेव्हापासून पैनगंगेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात एका बाजूला निजामाचे राज्य व दुसऱ्या बाजूला इंग्रजी अंमल अशी स्थिती निर्माण झाली. निजाम राज्याचे जकात खाते 'करोडगिरी' या नावाने ओळखले जाई आणि मालाची ने-आण करणाऱ्याला हद्दीवर थांबावेच लागे. गावाच्या नावाला चिकटलेला 'नाका' हा शब्द अशा हद्दीची आठवण आजही जागी ठेवतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा व विदर्भ एकाच राज्यात आले, हद्द कागदावर उरली. सोयरीक, बाजारहाट, देवदर्शन, दवाखाना या सर्व गोष्टींसाठी दोन्हीकडची माणसे ती रोज ओलांडतात आणि ओलांडताना तिची जाणीवही त्यांना होत नाही.

ती जाणीव पुन्हा झाली ती टाळेबंदीच्या काळात. जिल्ह्याबाहेर जाण्यास ई-पास लागू लागला, रस्त्यावर अडथळे उभे राहिले. मालाऐवजी आता माणसाच्या देहाची चौकशी सुरू झाली.

देहाची तपासणी : प्लेग ते इन्फ्लुएन्झा

प्रवाशाच्या देहाच्या तपासणीची सुरुवात महाराष्ट्रात १८९६-९७ च्या प्लेगपासून होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला आणि त्या आधारे रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून तपासण्याचा अधिकार सरकारला मिळाला. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँग येथे शोधला होता, म्हणजे रोगाचे कारण ज्ञात होते. तथापि फलाटावर उभ्या असलेल्या डॉक्टरच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता. त्याच्या हाती तापमापक होता आणि काखेत व जांघेत गाठ आहे काय हे चाचपण्यासाठी स्वतःची बोटे होती. हीच त्या काळची 'जलद चाचणी' म्हणावयाची. हिवतापाने फणफणलेला प्रवासीही त्यात अडकत असे, आणि ज्याच्या शरीरात प्लेग शिरला आहे पण ताप चढलेला नाही असा प्रवासी निर्धास्त पुढे जात असे. पुण्यात या तपासणीने, विशेषतः घरांत शिरून झालेल्या झडत्यांनी आणि स्त्रियांच्या तपासणीने, जो संताप उसळला त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रँड व आयर्स्ट यांच्या हत्येत झाली. हा भाग सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, चुकीच्या निदानाची किंमत त्या वेळी अपमानाच्या आणि विलगीकरणाच्या रूपाने सामान्य माणसाने मोजली होती. हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाची गोष्ट निराळी होती. मुंबईत जून १९१८ मध्ये पहिली लाट आली आणि सप्टेंबरनंतरची दुसरी लाट खेड्यापाड्यांत पसरली. येथे तर रोगाचे कारणच अज्ञात होते. १८९२ मध्ये फायफर यांनी वर्णिलेला जंतू हाच इन्फ्लुएन्झाचे कारण होय असे बहुसंख्य डॉक्टर मानत. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू लंडनमध्ये स्मिथ, अँड्रूज व लेडलॉ यांनी वेगळा केला तो १९३३ मध्ये. म्हणजे ज्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, तिच्या एकाही रोग्याचे आजच्या अर्थाने निदान झालेले नाही. गावच्या नोंदवहीत मृत्यूचे कारण म्हणून 'ताप' एवढेच लिहिले गेले. मध्यप्रांत-वऱ्हाड आणि मुंबई इलाखा हे सर्वाधिक झळ पोहोचलेल्या प्रांतांत मोडतात. निजाम राज्याची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत १ कोटी ३३ लाख ७४ हजार होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २४ लाख ७१ हजारांवर आली. या घटीत दुष्काळ व प्लेग यांचाही वाटा असला तरी इन्फ्लुएन्झाचा मोठा होता.

मग इतिहासकारांना १९१८ ची साथ कळली कशी? एरवीच्या वर्षांत जेवढे मृत्यू होत असत त्यापेक्षा त्या वर्षी किती जास्त झाले, या वजाबाकीतून. आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच पद्धतीने हिंदुस्थानातील मृत्यूंचा अंदाज १ कोटी ७० लाख ते १ कोटी ८० लाखांपर्यंत नेला. चाचणी नसतानाही साथ मोजता येते, मात्र ती मेलेल्यांच्या नोंदीवरून. जिवंतांविषयी त्या नोंदी काहीही सांगत नाहीत.

पट्टीवरील रेषा

रॅपिड अँटिजेन चाचणीचे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे आणि ग्रामीण भागास ते अपरिचित नाही. आशा कार्यकर्तीच्या पेटीतील गरोदरपणाची 'निश्चय' पट्टी आणि हिवतापाची पट्टी याच तत्त्वावर चालतात. नासिका-घशाच्या मागील भागातून घेतलेला स्राव एका द्रावणात मिसळून त्याचे काही थेंब पट्टीच्या टोकावर टाकले जातात. स्रावात विषाणूचे प्रथिन असल्यास ते रंगीत कणांना जोडलेल्या प्रतिपिंडांना चिकटते, पट्टीवरून पुढे सरकते आणि ठरावीक जागी अडकून रेषा उमटवते. कोविडच्या बहुतेक पट्ट्या विषाणूच्या आतील न्यूक्लिओकॅप्सिड नावाचे प्रथिन शोधतात. दुसरी, नियंत्रणाची रेषा उमटली नाही तर चाचणी बाद समजावयाची.

आरटी-पीसीआर चाचणीचा मार्ग वेगळा आहे. ती विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती यंत्राद्वारे वारंवार दुप्पट करीत जाते. त्यामुळे मूळ नमुन्यात विषाणू अत्यल्प असला तरी तो पकडला जातो. पट्टीत ही वाढ होत नाही. नमुन्यात जेवढे प्रथिन असेल तेवढ्यावरच तिला काम भागवावे लागते. विषाणू भरपूर असेल तर रेषा गडद, थोडा असेल तर फिकट, त्याहून थोडा असेल तर रेषाच नाही. चाचणीच्या अचूकतेविषयीचा सारा वाद या एका भेदातून उद्भवतो.

अचूकता हा शब्द येथे सैलपणे वापरून चालणार नाही. तीत दोन स्वतंत्र गोष्टी येतात. खरोखर बाधित असलेल्या शंभरांपैकी किती जणांना चाचणी पकडते ती तिची संवेदनक्षमता. आणि बाधित नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती बरोबर मोकळे सोडते ती तिची विशिष्टता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १४ जून २०२० रोजी ज्या पहिल्या पट्टीस मान्यता दिली, ती दक्षिण कोरियाच्या एस. डी. बायोसेन्सर या कंपनीची असून तिचे उत्पादन हरियाणातील मानेसर येथे होत होते. परिषद व दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान यांनी केलेल्या मूल्यमापनात तिची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, तर संवेदनक्षमता ५०.६ ते ८४ टक्के आढळली. हे आकडे परिषदेनेच जाहीर केले होते, लपविले नव्हते. त्याच पत्रकात नियम होता की, पट्टीवर बाधित ठरलेल्यास बाधितच मानावे व फेरतपासणी करू नये. परंतु लक्षणे असूनही पट्टी अबाधित दाखवीत असेल तर आरटी-पीसीआर अवश्य करावी. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा पट्ट्यांसाठी किमान ८० टक्के संवेदनक्षमता व ९७ टक्के विशिष्टता हा निकष सुचविला. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत जगभरच्या अभ्यासांची सरासरी संवेदनक्षमता लक्षणे असलेल्यांत ७२ टक्के आणि लक्षणे नसलेल्यांत ५८ टक्के भरली. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात ती ७८ टक्के होती, दुसऱ्या आठवड्यात ५१ टक्के.

या प्रकारच्या पट्टीची उणीव २०२० मध्ये प्रथमच उघड झाली असे मात्र नव्हे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने इन्फ्लुएन्झाच्या तीन जलद पट्ट्या तपासल्या तेव्हा त्यांची संवेदनक्षमता ४० ते ६९ टक्के भरली होती. भारतातील त्या साथीचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला आणि त्या शहरात तपासणीसाठी नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. निदानाचा सारा भार तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील पीसीआर चाचणीवर होता. अकरा वर्षांनी आपण पट्टीकडे वळलो ते ती सुधारली म्हणून कमी आणि प्रयोगशाळा पुरेनात म्हणून अधिक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये चीनमधून आलेल्या ज्या जलद संचांविषयी राज्यांनी तक्रारी केल्या आणि ज्यांचा वापर २७ एप्रिल रोजी परिषदेने थांबविला, ते अँटिजेनचे नव्हते. ते रक्तातील प्रतिपिंड शोधणारे संच होते. लोकांच्या, आणि काही वृत्तपत्रांच्याही, मनात दोन्ही 'रॅपिड' एकच झाले, आणि पहिल्याची बदनामी दुसऱ्याच्या वाट्याला आली.

नाक्यावरचे गणित

वरील टक्केवारी प्रयोगशाळेतून नाक्यावर आणली की तिचा अर्थ बदलतो. समजा, कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणी एका दिवसात एक हजार प्रवाशांची पट्टीने तपासणी झाली. त्यांच्यापैकी एक टक्का, म्हणजे दहा जण, खरोखर बाधित आहेत. चाचणीची संवेदनक्षमता ६० टक्के व विशिष्टता ९९.५ टक्के धरू. दहांपैकी सहा जण सापडतील, चार पुढे जातील. उरलेल्या ९९० निरोगी प्रवाशांपैकी सुमारे पाच जण मात्र चुकून बाधित ठरतील. म्हणजे अडवलेल्या अकरा जणांपैकी जवळजवळ निम्मे निर्दोष. आता हीच पट्टी घेऊन आपण अशा गावात गेलो की जेथे साथ भरात असून तपासलेल्या हजारांपैकी दोनशे जण बाधित आहेत. तेथे १२० जण सापडतील आणि केवळ चार जण चुकून अडकतील. परंतु 'अबाधित' म्हणून घरी पाठविलेल्या ८७६ जणांत ८० बाधित असतील. पट्टी तीच, तपासणारा तोच. परंतु पहिल्या ठिकाणी 'बाधित' या शब्दावर संशय घ्यावा लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'अबाधित' या शब्दावर.

परिषदेचा नियम दुसऱ्या परिस्थितीला साजेसा होता. नाक्यावरील पहिल्या परिस्थितीत तो अपुरा ठरतो. फेरतपासणी नाही म्हटल्यावर चुकून बाधित ठरलेला माणूस खऱ्या रुग्णांसमवेत एकाच कोविड केंद्रात जाऊन पडणार, आणि आजार नसलेल्यास तो तेथे जडण्याची शक्यता निर्माण होणार. प्लेगच्या काळात फलाटावर अडकलेल्या हिवतापाच्या रुग्णाशी या माणसाचे नाते जवळचे आहे. अशा व्यक्ती किती होत्या याचा हिशेब कोणत्याही बुलेटिनमध्ये येणे शक्य नव्हते, कारण फेरतपासणीच नव्हती.

गणिताची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चार जण निसटले हे खरे, पण तपासणीच नसती तर दहाही जण निसटले असते. शिवाय ज्यांच्या नाकात विषाणू भरपूर असतो तेच पट्टीत सापडतात आणि रोग पसरविण्यात सामान्यतः तेच पुढे असतात. आरटी-पीसीआर चाचणी तर आजार बरा झाल्यावरही विषाणूचे अवशेष आठवडेच्या आठवडे दाखवू शकते. पट्टीची संवेदनक्षमता तिच्याशी तुलना करूनच काढली जाते. तेव्हा पट्टीने 'चुकविलेल्या' काही व्यक्ती त्या दिवशी कोणालाही रोग देण्याच्या अवस्थेत नसाव्यात. अमेरिकेतील मायकेल मीना, डॅनियल लॅरेमोर प्रभृती संशोधकांनी २०२० च्या अखेरीस असे प्रतिपादन केले की, साथ आवरण्यासाठी चाचणीच्या सूक्ष्मतेपेक्षा ती किती वेळा होते आणि उत्तर किती लवकर मिळते याला महत्त्व द्यावे. हा युक्तिवाद बिनतोड आहे, मात्र त्यात एक अट दडलेली आहे : चाचणी दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा व्हावी. आपल्या नाक्यांवर ती एकदाच व्हावयाची, आणि तिचा कागद मात्र पुढे कित्येक दिवस खिशात वागवला जावयाचा.

आणखी एक बाब, जी प्रकाशित अभ्यासांच्या सरासरीत सहसा दिसत नाही. सदर पट्ट्या २ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात असे उत्पादकाचे निर्देश असत. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. मांडवात टेबल टाकून, उन्हात, घाईघाईने, नाकाच्या अगदी पुढच्या भागातून घेतलेल्या नमुन्यावर चाललेली चाचणी आणि संस्थेच्या वातानुकूलित खोलीत प्रशिक्षित हातांनी केलेली चाचणी यांची टक्केवारी एकच असेल, असे मानण्यास आधार नाही. परिचारिका आणि तंत्रज्ञ यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. अंगावर संरक्षक पोशाख चढवून त्या उन्हात उभे राहणे काय असते हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

२०२१ चा वसंत

साथीच्या आरंभी हिंगोलीसारख्या जिल्ह्याला आरटी-पीसीआरसाठी बाहेरच्या शहरांवर अवलंबून राहावे लागले. एप्रिल-मे २०२० मध्ये मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्ताहून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान हिंगोलीत बाधित आढळले तेव्हा एकेका अहवालाकडे सारा जिल्हा डोळे लावून बसला होता. सुमारे पावणेबारा लक्ष लोकसंख्येच्या (जनगणना २०११) आणि पाच तालुक्यांच्या या जिल्ह्यात पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी पट्टी आली, तेव्हा तिचे स्वागत होणे स्वाभाविकच होते. तिच्याशिवाय सेनगाव वा औंढा नागनाथ तालुक्यांतील दूरच्या गावांत तपासणी पोहोचलीच नसती. चाचणीच्या उणिवांची चर्चा करताना ही गोष्ट शहरातील टीकाकार विसरतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये साथीची नवी चढती लाट प्रथम विदर्भात, अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात दिसू लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी झाली. त्याच आठवड्यात वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित आढळले. हे विद्यार्थी विदर्भ-मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांतून आलेले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हिंगोली जिल्ह्यातही संचारबंदी लागू झाली. जुनी हद्द पुन्हा एकदा धोक्याची रेषा झाली, आणि या वेळी भय पलीकडून अलीकडे येणाऱ्याचे होते. सोयरे, विद्यार्थी, हळद घेऊन बाजारात निघालेला शेतकरी, सगळेच त्या नजरेत सारखे.

एप्रिलमध्ये राज्यभर आरटी-पीसीआरचे अहवाल येण्यास अनेक दिवस लागू लागले. २२ एप्रिलपासून लागू झालेल्या आदेशाने आंतरजिल्हा प्रवासावर पुन्हा कडक निर्बंध आले. ४ मे २०२१ रोजी परिषदेने प्रयोगशाळांवरील ताण पाहून पट्टीच्या चाचण्या वाढविण्याचा सल्ला दिला आणि निरोगी व्यक्तीच्या आंतरराज्य प्रवासासाठी आरटी-पीसीआरची सक्ती काढावी असे सुचविले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रानेच राज्यांना पत्र लिहून लक्षणे असलेल्या प्रत्येक 'अबाधित' व्यक्तीची आरटी-पीसीआर व्हावी अशी ताकीद दिली होती, कारण काही मोठ्या राज्यांत तसे होत नव्हते. आठ महिन्यांत भूमिका बदलली. शास्त्र तेच होते, परिस्थिती पालटली होती.

आकड्यांची साधनचिकित्सा

इतिहासाच्या अभ्यासकाला येथून पुढचा प्रश्न अधिक जवळचा वाटेल. २०२०-२२ या काळाचा जिल्हानिहाय इतिहास उद्या लिहिला जाईल तेव्हा त्याचे प्रमुख साधन म्हणजे दैनंदिन बाधितांचे आकडे. ते आकडे दोन भिन्न साधनांनी मोजलेले आहेत. एखाद्या आठवड्यात बाधित कमी झाले असतील तर साथ ओसरली म्हणून, की त्या आठवड्यात पट्टीचे प्रमाण वाढले म्हणून? २०२१ मध्ये केंद्राने एकूण चाचण्यांत आरटी-पीसीआरचे प्रमाण किमान ७० टक्के ठेवण्याचा आग्रह धरला, त्याचे कारण हेच होते. राज्यपातळीवरील एकत्रित बेरजांमध्ये हा भेद बहुधा बुजून गेला आहे.

सुदैवाने हिंगोलीच्या बाबतीत एक उपयुक्त साधन उपलब्ध आहे. जिल्हा प्रशासनाकडून रोज निघणाऱ्या वृत्तांत रॅपिड अँटिजेन चाचणीद्वारे आढळलेले रुग्ण आणि आरटी-पीसीआर तपासणीद्वारे आढळलेले रुग्ण परिसरनिहाय वेगवेगळे दिले जात. तेव्हा ते वृत्त रुक्ष वाटत असे व वृत्तपत्रे त्यातील एकूण आकडाच काय तो उचलीत. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या रुक्ष ओळींचे मोल एकूण आकड्याहून अधिक आहे. मोबाइलवर फिरलेली ही पत्रके कोणी जतन करीत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ती तारीखवार एकत्र करावीत, अशी सूचना येथे करावीशी वाटते. काम कंटाळवाणे आहे, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधाला साजेसे आहे.

या साधनाच्याही मर्यादा आहेत. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या 'कोविसेल्फ' या घरगुती पट्टीस मान्यता मिळाली. २५० रुपयांत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या या पट्टीवर उमटलेली रेषा संबंधिताने स्वतः कळविली तरच सरकारदप्तरी येणार होती. जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉन लाटेत ही उणीव इतकी जाणवली की मुंबई महापालिकेने विक्रेत्यांना खरेदीदारांची नोंद ठेवण्यास सांगितले. याच्या उलट प्रकार हरिद्वारच्या २०२१ च्या कुंभमेळ्यात घडला. तेथे प्रत्यक्ष न झालेल्या सुमारे एक लाख चाचण्या 'अबाधित' म्हणून नोंदल्या गेल्याचे चौकशीत पुढे आले. एका ठिकाणी चाचणी झाली पण नोंद नाही, दुसऱ्या ठिकाणी नोंद आहे पण चाचणी नाही. दोन्ही बाबतींत पट्टीची संवेदनक्षमता किती हा प्रश्नच गैरलागू होतो.

म्हणून अभ्यासकाला अखेरीस १९१८ च्याच वाटेने, वजाबाकीकडे, वळावे लागते. नागरी नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार देशात २०१९ मध्ये ७६ लाख ४० हजारांच्या आसपास, २०२० मध्ये ८१ लाख २० हजार आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. २०२१ चे आकडे प्रसिद्ध होण्यास मे २०२५ उजाडला. नोंदणीचे प्रमाणही या काळात सुधारत होते, तेव्हा सगळी वाढ साथीच्या खाती घालता येत नाही. तरीही २०२१ अखेरपर्यंतच्या सुमारे ४ लाख ८० हजार अधिकृत कोविड मृत्यूंशी या वाढीचा मेळ बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख असा दिला व भारत सरकारने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. हा वाद येथे सोडविता येणार नाही. परंतु ज्या रुग्णाची पट्टी 'अबाधित' दाखवून गेली, ज्याची आरटी-पीसीआर झाली नाही आणि जो चार दिवसांनी घरीच श्वास कोंडून गेला, तो अधिकृत आकड्यात असणार नाही, एवढे निश्चित म्हणता येते. त्याचा शोध गावाच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतच घ्यावा लागेल.

हद्दीवरच्या गावांत हे काम अधिक अवघड आहे, आणि आरंभी ज्या दुसऱ्या कारणाचा उल्लेख केला ते हेच. कनेरगाव नाक्याच्या परिसरातील माणूस आजारी पडला की हिंगोलीला जाईल, वाशिमला जाईल, किंवा अकोला-नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जाईल. त्याची चाचणी एका जिल्ह्यात, उपचार दुसऱ्या जिल्ह्यात आणि मृत्यूची नोंद ज्या ठिकाणी मृत्यू झाला तेथे. तेव्हा हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींच्या व नगरपालिकांच्या २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या मृत्यूनोंदी, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील पट्टीच्या चाचण्यांच्या नोंदवह्या आणि दैनंदिन वृत्ते ही तिन्ही साधने एकमेकांसमोर ठेवून पाहावी लागतील. यांपैकी चाचण्यांच्या नोंदवह्या सर्वाधिक धोक्यात आहेत. त्या तातडीच्या कामासाठी उघडल्या गेल्या होत्या, त्यांना कायमस्वरूपी दप्तराचा दर्जा नव्हता, आणि जुनी कागदपत्रे निकाली काढण्याची वेळ आली की प्रथम अशाच वह्या बाहेर पडतात.